उल्हासच्या वरच्या अंगाला

चि. भाचीस,

तुझा निरोप पोचला. लेणी हवीत, नदी हवी, खोल दरी हवी, मुक्काम नको, आणि दिघ्याहून खासगी गाडी न करता जाऊन येता आलं पाहिजे. एवढं सगळं एका दिवसात कुठे मिळेल ते मावशीनंच ठरवावं, असं लिहिलंस. ठरवते. कर्जतजवळचं कोंढाणे. आणि नुसतं नाव सांगून थांबत नाही, कारण ही वाट नीट समजून गेलात तर तुमचा दिवस वेगळाच होईल. पत्र तुझ्या नावाचं आहे, पण सोबत येणाऱ्या सगळ्या जणींना वाचून दाखव.

तुझ्या यादीत सांदण दरी सगळ्यात वर होती, ते मला कळतं. साम्रदची ती कातळातली भेग एकदा पाहिली की माणूस विसरत नाही. पण ती भंडारदऱ्याच्या पलीकडे आहे. रतनगडाच्या पायथ्यापर्यंतचा प्रवासच तुमचा अर्धा दिवस खाईल. शिवाय पुढे खालपर्यंत उतरायचं तर दोर हवा, तो लावणारे जाणते हात हवेत आणि मुक्कामही हवा. ती पुढच्या वर्षी कर, एखाद्या जुन्या गिर्यारोहण संस्थेबरोबर. निघोजला कुकडीच्या पात्रात दगडगोट्यांनी गरगर फिरून कोरलेले रांजणखळगे आहेत, तेही बघण्यासारखे, पण तिथे चालणं फारसं नाही आणि पारनेर तालुका आपल्याला लांब. कान्हेरी जवळ आहे, पण ती तू शाळेच्या सहलीत पाहिलीस. कोंढाण्याला लेणी, नदी आणि दरी एकाच पायवाटेवर भेटतात. आणि नदी कोणती, तर उल्हास. आपलीच.

आपली म्हणते ते उगाच नाही. दिघ्याच्या पश्चिमेला खाडी आहे ना, कांदळवनाच्या पलीकडची, ती वर ठाण्याजवळ एका अरुंद फाट्यानं उल्हासच्या खाडीला मिळते. नदीचं मोठं पाणी घोडबंदरकडून वसईला समुद्रात जातं आणि हा फाटा दक्षिणेला आपल्याकडे वळतो. या दोन फाट्यांमुळेच साष्टी हे बेट झालं. म्हणजे ऐरोलीला ज्या खाडीत तू रोहित पक्षी बघायला जातेस, जिला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा आणि २०२२ मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला, तिचं नातं त्या डोंगरातल्या घळईशी आहे. पिण्याच्या आणि कारखान्यांच्या पाण्याचंही तसंच. आपल्या पट्ट्यात एमआयडीसीचं पाणी येतं ते बारवी धरणाचं, आणि बारवी ही उल्हासचीच उपनदी. म्हणून माझं म्हणणं एवढंच: ही सहल किल्ला सर करायची म्हणून आखू नकोस. पाण्याच्या मागे मागे वर जायचं, असं धरून आख. मग कुठे थांबायचं, केव्हा जायचं, केव्हा फिरायचं, सगळं त्या पाण्यावरूनच ठरतं.

उल्हास एकूण १२२ किलोमीटर लांब. राजमाची आणि खंडाळ्याच्या मधल्या दरीत ती गोळा होते, कर्जत, नेरळ, बदलापूर करत कल्याणला येते आणि तिथून पुढे भरती-ओहोटीची खाडी होते. आपली लोकल जवळजवळ तिच्या काठानंच जाते, उलट्या दिशेनं. दिघा गाव स्टेशनवर गाडी धर. १२ जानेवारी २०२४ ला हे स्टेशन सुरू झालं तेव्हा तू किती खूश होतीस! त्याआधी पहाटेची गाडी म्हणजे ऐरोली गाठायची, नाहीतर ठाण्यापर्यंत रिक्षा. ऐरोली–कळवा उन्नत मार्ग झाला की कल्याणकडे जायला ठाण्याचा वळसाही लागणार नाही. तोवर मात्र खाडी दोनदा ओलांडायची आहे, एकदा ठाण्याला जाताना आणि लगेच परत कर्जत गाडीतून. ठाण्याला फलाट बदलायला पूल चढावा लागतो, त्याला दहा मिनिटं धर. कर्जत किंवा खोपोली, दोन्ही लोकल चालतील. कसाऱ्याची चुकूनही नको, ती कल्याणहून दुसरीकडे वळते. कळवा सोडलं की डाव्या खिडकीशी बसा. मुंब्र्यापाशी उजवीकडे पारसिकचा डोंगर अगदी अंगावर येतो आणि डावीकडे रेतीबंदरची खाडी पसरते. तो पारसिक म्हणजे आपल्या इलठणपाड्याच्या मागचाच डोंगर, फक्त पलीकडच्या बाजूनं बघितलेला. इलठणपाड्यात त्याच डोंगराचं पाणी अडवून इंग्रजांनी वाफेच्या इंजिनांसाठी धरण बांधलं, ते अजून उभं आहे.

आता एक गोष्ट पोरींना गाडीतच सांग, कारण लेण्यांपाशी पोचल्यावर ती ऐकायला कुणाचं लक्ष नसेल. ज्या वाटेनं तुम्ही चाललात ती दोन हजार वर्षांची वाट आहे. कल्याण हे त्या काळी बंदर होतं. कान्हेरीच्या लेखांमध्ये कल्याणच्या दानशूर लोकांची नावं आहेत, आणि एका ग्रीक दर्यावर्दी व्यापाऱ्याच्या प्रवासवर्णनातही कल्याण आहे. जहाजं खाडीनं आत यायची, माल बैलांच्या पाठीवर चढायचा, आणि तांडे उल्हासच्या खोऱ्यानं वर वर सरकत बोरघाटाच्या तोंडाशी यायचे. घाट चढला की कार्ले, भाजे, आणि तिथून पुढे जुन्नर, पैठण, तेर. घाट चढण्याआधीचा शेवटचा विसावा जिथे हवा, तिथे डोंगराच्या कुशीत भिक्खूंनी कोंढाण्याची लेणी खोदली. वर राजमाचीचा किल्ला आहे, श्रीवर्धन आणि मनरंजन या दोन बालेकिल्ल्यांचा. तोही या घाटवाटेवर नजर ठेवायलाच. नंतर इंग्रजांनी आगगाडी वर न्यायची ठरवली तेव्हा त्यांनाही हाच घाट धरावा लागला. १८६३ साली बोरघाटाचा लोहमार्ग सुरू झाला. तुम्ही दरीत उभ्या असाल तेव्हा समोरच्या डोंगरातून ठाकूरवाडी, मंकी हिलकडे चढणाऱ्या गाडीचा आवाज येईल. बैल, तोफा, आगगाडी, सगळ्यांना वाट पाण्यानंच दाखवली आहे.

कर्जतला उतरल्यावर दिवाडकरांचा वडा खा, पण फलाटावर बसून नको, हातात घेऊन चालत राहा. स्टेशनाबाहेरून लेण्यांच्या पायथ्याच्या कोंदिवड्याला सहा आसनी रिक्षा मिळतात. तुम्ही सात-आठ जणी असाल तर दोन रिक्षा ठरवा आणि संध्याकाळच्या परतीचंही त्याच भाऊंशी बोलून ठेवा. गावातून लेण्यांपर्यंत तास-दीड तासाची चाल आहे. सुरुवातीला सपाट, नदीच्या सोबतीनं, मग दाट झाडीतून हळूहळू चढ. वाट चुकायला जागा आहे. डाव्या-उजव्या फाट्यांनी लाकूडफाटा आणायला जाणाऱ्या वाटाही फुटतात. म्हणून गावातलाच एखादा वाटाड्या बरोबर घ्या. इथे ठाकर आणि कातकरी वस्त्या आहेत. त्या लोकांना झाड न् झाड ठाऊक असतं. त्याच्याशी आधी मजुरी ठरवा, ती पूर्ण द्या, आणि त्याला नावानं हाक मारा. जेवणही गावातच सांगून ठेवता आलं तर बघ, परत आल्यावर गरम पिठलं-भाकरी मिळेल आणि पैसे त्या घरात जातील. बरोबर मात्र तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी आणि गूळ असू दे. पाणी प्रत्येकीचं तीन लिटर, आणि ते घरूनच भरलेलं.

लेण्यांविषयी मला जास्त बोलायचंय. चैत्यगृह समोर आलं की आधी आत शिरू नका. पंधरा-वीस पावलं मागं उभ्या राहा आणि वर बघा. मधोमध घोड्याच्या नालेसारखी मोठी कमान, तिच्या दोन्ही बाजूंना छोट्या छोट्या कमानींच्या रांगा, कठड्यांच्या नक्ष्या, आणि त्यांच्यामध्ये माणसं कोरली आहेत. काही जोड्या नाचताहेत. एकाच्या हातात धनुष्य आहे. इसवी सनापूर्वीच्या काळातलं, हीनयान पंथाचं लेणं. बुद्धाची मूर्ती नाही, पूजा स्तूपाची. पण त्या विरक्त भिक्खूंनी दारावर नाचणारी माणसं कोरून घेतली, याचा मला फार आनंद होतो. आणि ही सगळी घडण बघ कशाची आहे: लाकडाची. म्हणजे दगडात केलेलं लाकूडकाम. ज्या कारागिरांनी लाकडी वाडे, लाकडी मंडप बांधले होते, त्यांनीच किंवा त्यांच्या शिष्यांनी हा कातळ फोडला, म्हणून तुळया, वासे, कठडे, खुंट्या सगळं हुबेहूब लाकडासारखं आलं. शेजारच्या विहारात गेलात की छताकडे बघा. त्या दगडी छताला वरून कसलाच भार पेलायचा नाही, तरी त्याला तुळया आणि आडव्या पट्ट्या कोरल्या आहेत. सभोवती भिक्खूंच्या खोल्या आहेत. त्यात बॅटरी घेऊन जा, पण वटवाघळांच्या अंगावर झोत मारू नका.

चैत्याच्या दर्शनी भागात डाव्या अंगाला एका मोठ्या मूर्तीचा उरलेला भाग आहे. चेहरा झिजून, फुटून गेलाय. त्याच्याजवळ ब्राह्मी लिपीत एक छोटी ओळ कोरलेली आहे. तिचा अर्थ असा की, कण्हाचा शिष्य बलक यानं हे केलं. बस, एवढंच. बहुतेक लेण्यांमध्ये नावं असतात ती दान देणाऱ्यांची: कुणी व्यापारी, कुणी लोहार, कुणी भिक्खुणी, कुणी राजाचा अधिकारी. इथे ज्यानं हातात छिन्नी धरली, त्याचं नाव आहे, आणि त्यानं आपल्या गुरूचं नाव आपल्या आधी लिहिलंय. त्या ओळीपाशी मी दरवेळी थांबते. तूही थांब. आणि पोरींमधल्या कुणाला भिंतीवर आपलं नाव लिहायचा मोह झाला, तर तिला ही ओळ वाचून दाखव; बलकानं आधी चैत्य कोरला आणि मग नाव लिहिलं. (हे स्मारक भारतीय पुरातत्त्व विभागाच्या संरक्षणाखाली आहे, तेव्हा ओरखडा काढणं हा गुन्हाही आहे, पण मला वाटतं गुन्ह्याच्या भीतीपेक्षा बलकाची आठवण जास्त उपयोगी पडेल.) पुढचे खांब खालून तुटलेले आहेत, वरची टोकं लोंबल्यासारखी उरलीत; त्यांच्याखाली गर्दी करून फोटो काढू नका. अशा कातळाला आग्या मोहोळं लागतात. अत्तर, सेंट, धूर, मोठ्यानं गाणी, काही नको. मोहोळ दिसलं तर वाटाड्या सांगेल तिथूनच बघायचं आणि मुकाट्यानं मागं फिरायचं.

लेणी झाली की नदीकडे उतरा. इथे ती नदी म्हणजे मोठमोठ्या धोंड्यांतून वाट काढणारा ओढाच आहे. दोन्ही बाजूंना काळ्या कातळाचे थर एकावर एक. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थांबून थांबून वाहिला, थंड झाला, पुन्हा वाहिला. ते थर आहेत हे. काही टणक, काही जाळीदार आणि ठिसूळ. पाणी ठिसूळ थर खातं, वरचा टणक थर आधार सुटून कोसळतो, आणि दरीचं डोकं हळूहळू सह्याद्रीत आत सरकतं. खंडाळ्याच्या राजमाची पॉइंटवरून खाली जी खोल हिरवी दरी दिसते, तिच्या तळाशी तुम्ही उभ्या असाल. वरून फोटो काढणारे हजारो असतात. तळाशी फार थोडे येतात. पात्रातल्या सपाट कातळावर छोटे छोटे गोल खड्डे दिसतील, आत गुळगुळीत गोटे. निघोजचे रांजण असेच जन्माला आले. तिथे बसून जेवा, पाय पाण्यात सोडा. पोहायचं नाही. डोह वरून शांत दिसतो आणि आतून कातळ कसा गेलाय ते कुणालाच माहीत नसतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं: केव्हा. तुला पावसाळ्यात जायचंय, कारण चैत्याच्या कमानीवरून कोसळणाऱ्या धबधब्याचे फोटो तू पाहिलेस. ते दृश्य अपूर्व आहे, नाही म्हणत नाही. पण तुला पहिल्यांदा, तुझ्या जबाबदारीवर इतक्या जणींना घेऊन, जुलैत पाठवायला माझं मन तयार नाही. लोणावळा-खंडाळ्याच्या माथ्यावर वर्षाला साडेचार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि त्यातला काही या दरीच्या नाळेतून खाली येतो. तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी वर ढग फुटलेला असू शकतो. ओढ्याचा रंग गढूळ होतो, पाला-काटक्या वाहून येतात, आणि आलेली वाट दहा मिनिटांत बंद होते. २०२४ च्या ३० जूनला लोणावळ्याला भुशी धरणामागच्या धबधब्यात एका कुटुंबातली पाच माणसं गेली. ती काही वेडं साहस करत नव्हती. पाण्याच्या मधोमध खडकावर उभी होती, एवढंच. आणि हीच उल्हास २०१९ च्या २७ जुलैला बदलापूर-वांगणीच्या दरम्यान रुळांवर चढली. महालक्ष्मी एक्स्प्रेसमध्ये हजारावर माणसं अडकली, नौदलाची आणि एनडीआरएफची पथकं होड्या घेऊन आली, तेव्हा सगळी सुटली. तुमच्या लोकलमधून ती जागा दिसते. पावसाळ्यात कर्जत तालुक्यातल्या धबधब्यांवर जिल्हा प्रशासन अनेकदा बंदीचे आदेश काढतं. ते मोडून जायचं आणि मग गावकऱ्यांनी किंवा लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्र या बचाव पथकाच्या मुलांनी जिवावर उदार होऊन आपल्याला शोधायला यायचं, हे मला पटत नाही.

उन्हाळाही नको. मार्चपासून वरचा ओढा आटत जातो. कर्जतच्या खाली उल्हासला उन्हाळ्यातही पाणी दिसतं, ते बरंचसं टाटांच्या भिवपुरी वीजकेंद्रातून येतं. १९२२ पासून घाटावरच्या आंध्र नदीचं, म्हणजे भीमेच्या खोऱ्यातलं पाणी, बोगद्यातून खाली सोडून वीज करतात आणि मग ते पेज नदीतून उल्हासला मिळतं. कल्याण-उल्हासनगरची तहान त्यावर भागते. पण कोंढाण्याची दरी त्याच्या वरच्या अंगाला. तिथे आभाळातून पडेल तेवढंच. म्हणून नोव्हेंबरअखेर ते जानेवारी. ओढ्याला पाणी असतं, वाट कोरडी असते, हवा चालण्याजोगी असते, आणि जंगलाचा हिरवा रंग पुरता गेलेला नसतो.

रविवार टाळ. मेगाब्लॉक असतो आणि परतीची गणितं बिघडतात. शनिवारी जा. पहाटे साडेपाचच्या सुमारास दिघ्याहून निघालात की आठच्या आत कर्जत, पावणेनऊला चालायला सुरुवात, साडेदहापर्यंत लेणी. दीड तास लेण्यांना द्याच. नदीकाठी साडेबारा. आणि अडीचला काहीही झालं तरी परत फिरायचं. हा अडीचचा ठोका तू आधी ठरव आणि गाडीत बसतानाच सगळ्यांना सांग, कारण दरीत बसल्यावर कुणालाच उठावंसं वाटत नाही आणि तेव्हा ठरवायला गेलीस तर भांडण होईल. डिसेंबरात सूर्य सहाला मावळतो हे खरं, पण दरीत सावली कितीतरी आधी उतरते, आणि झाडीतल्या वाटेवर पाचलाच अंधुक होतं. कुणी म्हणेल, इथवर आलोय तर राजमाची करूनच जाऊ. लेण्यांपासून वर राजमाचीच्या उधेवाडीपर्यंत आणखी अडीच-तीन तासांचा घामटा काढणारा चढ आहे. एका दिवसात तो केलात तर ना लेणी पाहून होतील ना नदी. तेव्हा ठामपणे नाही म्हण. म्होरकी आहेस, तुला ते म्हणावं लागेल.

एक गोष्ट अजून, जी मला मनापासून सांगायची आहे. याच दरीत उल्हासवर कोंढाणे धरण व्हायचं आहे. मूळ काम निविदांमधल्या गैरव्यवहाराच्या आरोपांत अडकलं, आणि पुढे ते धरण सिडकोकडे गेलं, नवी मुंबई आणि नैना परिसराला पाणी मिळावं म्हणून. म्हणजे आपल्यासाठी. आपल्या शहराला पाणी लागतं, मी स्वतः रोज ते वापरते, त्यामुळे धरणाला सरसकट विरोध मी करू शकत नाही. पण ज्यांची शेतं, वाड्या, गुरांची चराई त्या पाण्याच्या पट्ट्यात येते, त्यांच्याच अंगणात बसून तुम्ही त्या दिवशी पिठलं-भाकरी खाणार आहात. त्यांना विचार. त्यांच्या मनात काय आहे ते ऐक, मध्ये बोलू नकोस. तुझ्या वयाच्या, नवी मुंबईत वाढलेल्या मुलींना हे त्यांच्या तोंडून कळलं पाहिजे असं मला फार वाटतं. परत आलीस की मलाही सांग ते काय म्हणाले.

राहता राहिलं ते किरकोळ. बूट जुनेच, पायात बसलेले. प्रत्येकीकडे बॅटरी; मोबाइलची चालणार नाही, दरीत रेंज जाते आणि शोधत बसलेला फोन लवकर उतरतो. सगळ्यांची नावं आणि घरचे फोन एका कागदावर, तो एक माझ्याकडे आणि एक कोंदिवड्यातल्या त्या घरी. अडचण आली तर ११२, पण त्यासाठी रेंज असलेल्या जागी यावं लागेल, तेव्हा तशी जागा जाताना हेरून ठेव. पुढे वाटाड्या, मध्ये सगळ्या, आणि सगळ्यात मागे एक अशी जी कुणालाही मागे राहू देणार नाही. ती तू नको, तू मध्ये राहा. तुमच्यात तसं कोण आहे ते विचार कर, आणि तिचं नाव मला या गुरुवारपर्यंत कळव. मग मी वाटाड्यासाठी गावात फोन करते.

तुझी,
मावशी
दिघा